एक बटण मुलाच्या मालकीचं

लहान मुलाच्या फोनला पडदा नको, कॅमेरा नको, इंटरनेट नको, हे मी कुणालाही सांगितलं तरी लगेच मान डोलावतात. ठरावीक चार नंबरांनाच फोन लागावा, हेही पटतं. त्याच फोनवर एक बटण असं असावं की जे आईबापालाही काढता येणार नाही, असं म्हटलं की चेहरे बदलतात. घरात बदलले, शेजारी बदलले, शाळेतही बदलले. मला मात्र सगळ्या फोनमध्ये तेच बटण सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

मी गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत सर्किट बोर्डांची चाचणी करण्याचं काम करते. शिकले फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, राहते सावईवेऱ्याला. लेक चौथीपर्यंत गावातल्या शाळेत होती, पाचवीपासून फोंड्याला जाते. शाळा दीडला सुटते, बस मिळून थांब्यावर उतरेपर्यंत सव्वादोन होतात. थांब्यापासून घर लांब नाही, पण वाट कुळागरातून उतरते. ज्यांनी आमच्याकडची कुळागरं पाहिली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. वर पोफळींचं छत, मध्ये केळी, माडांवर चढलेल्या मिरीच्या वेली, दोन्ही बाजूंनी डोंगराचा उतार. भर दुपारी तिथे सावली असते आणि मोबाइलची रेंज रस्त्यावरच राहते. सव्वादोनला मी कामावर, हे म्हापशाला, घरी फक्त सासूबाई. त्यांना ऐकू कमी येतं.

यावर सोपा उपाय म्हणजे मुलीच्या हातात स्मार्टफोन देणं. तो मला द्यायचा नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद केली, तेव्हापासून आपल्याकडेही तो विषय चघळला जातोय. पण दहा वर्षांच्या मुलीला खात्याची गरजच काय? तिला बस चुकल्याचं सांगायचं असतं. पोटात दुखतंय, हे सांगायचं असतं. वाटेत कुणी विचित्र वागलं तर ओरडायचं असतं आणि ते ओरडणं कुणीतरी ऐकायला हवं असतं.

अशा फोनची कल्पना नवी नाही. २००५ मध्ये अमेरिकेत फायरफ्लाय नावाचा फोन आला होता, त्यावर आकडेच नव्हते. आईचं चित्र असलेलं एक बटण, बाबांचं चित्र असलेलं दुसरं, आणखी दोनतीन, आणि बाकीचे नंबर पालकांच्या पासवर्डमागे. जपानमध्ये एनटीटी डोकोमोने २००६ मध्ये मुलांचा फोन काढला. त्याला ओढायची दोरी होती. दोरी ओढली की कानठळ्या बसवणारा भोंगा वाजायचा आणि मूल कुठे आहे ते पालकांच्या फोनवर जायचं. ही दोरी मला फार शहाणपणाची वाटते. घाबरलेल्या माणसाची बोटं बटण शोधत नाहीत, मूठ आवळतात. मूठ आवळून ओढता येईल अशी वस्तू त्या हाताला द्यायला हवी, हे ज्याला सुचलं त्याने मुलांना नीट पाहिलं असणार.

आता बाजारात मुलांची मनगटी घड्याळं ढिगाने मिळतात, नकाशावर मूल दाखवतात, फोनही लागतो. चुलत दिरांनी तसं एक आणून दिलं होतं. मी ते परत केलं, कारण त्यात एक सोय होती: आईने आपल्या फोनवरून हुकूम सोडला की घड्याळ गुपचूप चालू होऊन आजूबाजूचं सगळं बोलणं तिला ऐकवणार. मुलीला कळणारही नाही. तिच्या बाईंना कळणार नाही, शेजारी बसलेल्या मैत्रिणीलाही नाही. जर्मनीने २०१७ मध्ये मुलांच्या अशा कान लावणाऱ्या घड्याळांवर बंदी घातली, आणि त्याच वर्षी नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने तपासणी करून दाखवलं की यातल्या काही घड्याळांमध्ये त्रयस्थ माणूस घुसू शकतो, मूल कुठे आहे ते पाहू शकतो. ज्या खिडकीतून आई डोकावते तिथूनच दुसराही डोकावू शकतो. सर्व्हर कुठल्या देशात, त्याला कुलूप कसलं, हे त्या डब्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलंय आणि कंपन्यांनी मुलांवर पाळत ठेवण्याला मनाई केलीय. तो कायदा पुरता अंमलात येईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा मला सरळ मार्ग दिसला. सर्व्हरच नको. फोनमधली माहिती फोनमध्येच राहील, बाहेर जाईल ती फक्त मुलाने बटण दाबल्यावर, आणि तीही साध्या एसएमएसने, घरच्या माणसाकडे.

म्हणून मी स्वतः बनवायला घेतला.

आकार साबणाच्या वडीएवढा. समोर तीन मोठी बटणं: वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. वर्तुळ म्हणजे आई, चौकोन बाबा, त्रिकोण शेजारची काकी, कारण दुपारी खरोखर धावून येईल अशी तीच आहे. बटणांवर फोटो लावावेत असं आधी मनात होतं. पण फोन दप्तराच्या तळाशी असतो, वर डबा, पाण्याची बाटली, ओला रेनकोट. बघून नव्हे, चाचपून बटण सापडलं पाहिजे. वाड्यावरच्या मुलांना अंगणात बसवून, डोळे मिटायला लावून, मी वेगवेगळ्या आकारांची छापलेली बटणं हातात दिली. चांदणी आणि पंचकोन यांत सगळ्यांचाच गोंधळ होत होता. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण यांत पहिलीतलं पोरही चुकलं नाही. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, “ह्यात गेम नाही?” नाही म्हटल्यावर त्याने ते बटण शांतपणे खाली ठेवलं. त्याची मोठी बहीण म्हणाली, “मग हा कोण चोरणार पण नाही, मावशी.” तिचं म्हणणं मी वहीत लिहून ठेवलंय. फोनसाठी मुलांना धमकावलं जातं, फोन हिसकावले जातात. ज्याच्यात हिसकावण्यासारखं काही नाही तो फोन मुलासाठी अधिक सुरक्षित, हे त्या सातवीतल्या मुलीने एका वाक्यात सांगितलं.

पडदा नसला की मुलाला कळणार कसं, फोन लागतोय की नाही? त्यासाठी आवाज. लेकीच्या फोनमध्ये मी माझ्याच आवाजात चार वाक्यं भरली आहेत. “आईला फोन लागतोय, थांब.” “आई उचलत नाही, आता काकीला लावते.” तिसरं सगळ्यांत उपयोगी: “इथे रेंज नाही. वर रस्त्याकडे जा.” आमच्या कुळागरात हे तिसरं वाक्य बरंच ऐकू येतं. मुलाने नुसतं मुकं यंत्र कानाला लावून उभं राहण्यापेक्षा पुढे काय करायचं ते त्याला ओळखीच्या आवाजात कळलं तर पाय हलतात.

आत सिमकॉम कंपनीचं ४जी मॉड्यूल आहे, म्हणजे मोबाइलच्या जाळ्याशी बोलणारा तयार भाग. २जीचं मॉड्यूल कितीतरी स्वस्त मिळतं, जोडायलाही सोपं. पण जिओचं सिम २जीवर चालतच नाही, त्यांचं जाळंच ४जीपासून सुरू होतं. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलचं २जी आहे, पण गोव्यात कुठल्या गावात कुणाची रेंज येते हे नकाशा बघून ठरत नाही. आमच्या वाड्यावर एकाची येते, डोंगरापलीकडे केरीला दुसऱ्याची. सत्तरी तालुक्यात तर काही ठिकाणी एकाच घराच्या पुढच्या दारी एक आणि मागच्या दारी दुसरं. फोनने सिम निवडू नये, गावाने निवडावं. त्यामुळे खर्च वाढला तरी ४जी.

बाहेरून येणारे फोन अडवणं हे कागदावर एका ओळीचं काम आहे: नंबर यादीत असेल तर वाजू दे, नाहीतर तोड. प्रत्यक्षात तोच नंबर कधी समोर +९१ लावून येतो, कधी शून्य लावून, कधी नुसता. म्हणून शेवटचे दहा आकडेच ताडून पाहायचे. आपल्याकडे लँडलाइनलाही हे लागू पडतं, कारण गोव्याचा ०८३२ मधला शून्य सोडला की ८३२ आणि पुढचे सात मिळून दहाच होतात. शाळेच्या ऑफिसचा नंबर त्याच नियमात बसला याचा मला खरंच आनंद झाला होता. यादीतला नंबर दिसला म्हणजे पलीकडे तोच माणूस आहे याची मात्र खात्री नसते. नंबर खोटा दाखवता येतो. त्यासाठी लेकीचा आणि माझा एक खुणेचा शब्द ठरलेला आहे. फोनवर कुणी म्हणालं “आईने पाठवलंय, चल माझ्याबरोबर”, तर तिने तो शब्द विचारायचा. हे कुठल्याही मॉड्यूलमध्ये घालता येत नाही, आणि त्याला पैसेही पडत नाहीत. फोन असो नसो, प्रत्येक घरात असा शब्द हवा.

उलटीही अडचण आहे. माझाच फोन बंद पडला आणि मी फार्मसीतून किंवा बसच्या कंडक्टरच्या फोनवरून लेकीला लावला तर? माझा आवाज, पण नंबर अनोळखी, म्हणजे दार बंद. यावर मी असं केलं: यादीबाहेरचा फोन आला की मुलाकडे घंटा वाजतच नाही. फोन करणाऱ्याला फक्त एक बीप ऐकू येते आणि चार आकडे दाबायला दहा सेकंद मिळतात. बरोबर आकडे दाबले तरच मुलाकडे घंटा. तीनदा चुकला तर तासभर अनोळखी कुणालाच दार नाही. मुलाला या सगळ्याचा पत्ताही लागत नाही, आणि लागू नये.

आता जागा कळवण्याचं. इथे मी सगळ्यांत जास्त डोकं घातलंय.

सतत माग ठेवणारा फोन मला बनवायचाच नव्हता, ते वर लिहिलं. त्यात विजेचाही हिशेब आहे. जीपीएस चालू ठेवलं की साधारण २५ ते ३० मिलिअँपिअर खर्च होतात. हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्या एकट्यावर दीड दिवसात संपते. जूनजुलैत आमच्याकडे झाड पडून वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. ज्या दिवशी वादळ, त्याच दिवशी मुलाचा फोन मेलेला, हे चालणार नाही. जीपीएस झोपलेलं असेल तर तीच बॅटरी कित्येक दिवस पुरते.

म्हणजे मुलाने बटण दाबल्यावर जीपीएस जागं होणार. उपग्रह आपली कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या धिम्या गतीने पाठवतो, त्यामुळे झोपेतून उठलेल्या जीपीएसला उघड्या आभाळाखालीही अर्धा मिनिट लागतं. पोफळीखाली त्याहून बराच जास्त, कधी सापडतच नाही. मदतीचा निरोप जागेसाठी थांबता कामा नये. म्हणून दोन निरोप: पहिला तत्काळ, नुसता मदतीचा, दुसरा जागा सापडल्यावर. रेंज तुटक असेल तर एसएमएस आत साठून राहतो आणि क्षणभर सिग्नल मिळाला तरी निघतो. बोलण्यासाठी मात्र सिग्नल टिकून राहावा लागतो. कुळागरात बोलणं तुटतं तिथून एसएमएस पुष्कळदा पोचलेला मी पाहिला आहे.

आणि निरोपात लिहायचं काय? अक्षांश-रेखांश आणि नकाशाची लिंक काकीच्या साध्या फोनवर काहीच सांगत नाहीत. तिला कळेल असं मराठी हवं. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसला १६० जागा मिळतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही मात्रा, अनुस्वार, हलन्त प्रत्येकाची जागा वेगळी धरली जाते. ‘बसथांब्यापासून’ हा एकच शब्द १४ जागा खातो. सत्तरच्या पुढे गेलं की निरोपाचे दोन तुकडे होतात आणि वाईट रेंजमध्ये एक तुकडा आधी, एक नंतर, किंवा एकच. म्हणून सगळं सत्तरच्या आत बसवायचं. शेवटी असं बसलं: “मदत हवी. बसथांब्यापासून ३०० मीटर, घराच्या बाजूला. २:२० वा.” अठ्ठावन्न जागा. घर, शाळा, बसथांबा, आजोळ, देऊळ एवढ्या खुणा फोनमध्ये आधीच भरलेल्या. फोन त्यातली जवळची खूण शोधतो आणि अंतर सांगतो. काकीने तो निरोप वाचला आणि म्हणाली, “म्हणजे विहिरीकडे.” तिला नकाशा लागलाच नाही.

बाजूला दोरी आहे, जपान्यांसारखी. ओढली की भोंगा आणि मदतीचे निरोप. समोरचं प्रत्येक बटण खोलगट केलंय, नाहीतर दप्तरात डब्याच्या काठाने दाबलं जातं. तीन सेकंद धरावं लागतं आणि धरल्यावर आधी फोन थरथरतो. चार्जिंगच्या भोकाला रबराचं बूच मी लावलं नाही, कारण मुलं ते पहिल्याच आठवड्यात उपटतात आणि मग आमच्या दमट हवेत आतल्या पिना हिरव्या पडतात. जलरोधक प्रकारचं यूएसबी-सी सॉकेट महाग आहे, पण तेच हवं. शाळेच्या वेळात फोन गप्प, दोरी तेवढी चालू. लेकीच्या शाळेत मुलांनी मोबाइल आणायला बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे. मुख्याध्यापिकांना हा डबा दाखवला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी तो उलटापालटा करून कॅमेरा शोधला. नाही म्हटल्यावर मग पुढचं बोलणं झालं.

आता त्या बटणाकडे येते.

मागच्या बाजूला, बोटाला लागेल न लागेल असं चौथं बटण आहे. ते दाबून धरलं की १०९८ लागतो. भोंगा वाजत नाही, आईला निरोप जात नाही, फोनच्या आत त्याची नोंद राहत नाही. पालकांच्या यादीत ते दिसत नाही, आणि पालकांच्या पासवर्डने ते बदलताही येत नाही. मी स्वतः बनवला तरी मलाही नाही.

१०९८ ही मुलांसाठीची मोफत, चोवीस तासांची मदतवाहिनी. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी चाइल्डलाइनचं हे काम उभं केलं, रस्त्यावर राहणाऱ्या मुलांना हाक मारायला कुणीतरी असावं म्हणून. दहा, नऊ, आठ असा उलटा मोजत गेलं की पोरांच्या लक्षात राहतो. २०२३ पासून सरकारने ही वाहिनी टप्प्याटप्प्याने आपल्याकडे घेऊन ११२ या आपत्कालीन नंबराशी जोडली. नंबर तोच राहिला.

हे बटण कशासाठी, ते सांगताना गुळमुळीत बोलून उपयोग नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत आरोपी बहुतांश वेळा मुलाच्या ओळखीचाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवतात. शेजारी, नातेवाईक, शिकवणारा, कधी घरातलाच. आपण सगळे मुलांच्या सुरक्षेचं यंत्र रचताना मनात अनोळखी माणूस धरतो. रस्त्यावरचा, गाडीतला, फोनवरचा. आणि ओळखीची चार माणसं यादीत घालून मोकळे होतो. त्या चारांतच तो माणूस असेल तर? मग मी बनवलेला हा डबा त्या मुलासाठी सगळे दरवाजे लावून घेणारी वस्तू ठरते. बाहेर कुणालाच फोन लागत नाही, फक्त त्यालाच लागतो.

गोव्यात २००३ पासून मुलांसाठी आपला वेगळा बाल कायदा आहे, त्याखाली पणजीत स्वतंत्र बाल न्यायालय आहे. देशभरासाठी मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्यात कळूनही न कळवणं हाही गुन्हा धरलाय. कायदे आहेत. पण कुणाला तरी कळावं लागतं, आणि कळवणारं पहिलं तोंड बहुतेकदा त्या मुलाचंच असतं. त्याच्या हातात ज्या दिवशी आपण फोन देतो त्या दिवशी ते तोंड उघडायची सोय त्यात नसेल, तर तो फोन कुणाच्या सुरक्षेसाठी आहे, हे स्वतःला विचारावं लागेल.

घरी यावर खूप बोलणं झालं. ह्यांचं म्हणणं, मुलं गंमत म्हणून दाबतील, उगाच तिकडच्या लोकांना त्रास. दाबतील, दाबू देत. तिथे बसलेली माणसं मुलांशीच बोलायला बसलेली असतात. गप्प राहणारं, मग ठेवून देणारं, मग पुन्हा लावणारं मूल त्यांना नवं नाही. जाऊबाईंचा प्रश्न जास्त खोल होता. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुझा तुझ्या घरच्यांवर विश्वास नाही?” मी त्यांना म्हटलं, माझा आहे. पण हा फोन मी फक्त माझ्या घरासाठी रचत नाहीये. ज्या घरात विश्वास ठेवायची जागा नाही त्या घरातल्या मुलाला वेगळं बटण मागता येणार नाही, ते सगळ्यांच्याच फोनवर असलं तरच त्याच्याही फोनवर असेल. त्या गप्प झाल्या, पण पटलं असं म्हणता येणार नाही. अजून आमचं ते बोलणं संपलेलं नाही.

लेकीला मी ते बटण दाखवलं तेव्हा एवढंच सांगितलं की हे तुझं आहे, कधी दाबलंस ते मला सांगायची सक्ती नाही. तिने विचारलं, “तुझी तक्रार पण करू शकते?” हो, म्हटलं. तिने फोन उलटा करून बराच वेळ त्या बटणावरून बोट फिरवलं आणि दप्तरात ठेवला.

हा फोन मी विकत नाही. विकायचा तर रेडिओची मान्यता, भारतीय मानक ब्यूरोची (बीआयएस) नोंदणी, प्रत्येक फोनच्या ओळख क्रमांकाची (आयएमईआय) नोंद, सगळं रीतसर व्हायला हवं, आणि ते एका घरातून होणारं काम नाही. एखाद्या कंपनीने किंवा सरकारने हे उचललं तर मी माझ्याकडची आकृती आणि प्रोग्रॅम आनंदाने देईन, अट एकच, मागचं बटण काढायचं नाही.

तोवर ज्यांना आजच मुलाला काही द्यायचंय त्यांच्यासाठी, बाजारातल्या साध्या बटणांच्या फोनमध्ये बरंच काही आधीच आहे. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक फोनमध्ये ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरला की मदतीचा फोन लागायला हवा, असा केंद्राचा नियम आहे. तुमच्या फोनमध्ये कुठला आकडा ते पुस्तिकेत पाहून मुलाच्या बोटाला दाखवा. दुसरं, सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ‘फिक्स्ड डायलिंग’ नावाची सोय असते. तिथे नंबर भरून ती चालू केली की त्या यादीबाहेर फोन लागत नाही. ही यादी सिममध्ये राहते, त्यामुळे मुलाने सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी बंधन तसंच राहतं. येणारे फोन मात्र यातून अडत नाहीत. रिचार्जही इंटरनेटवाला नको; दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये सगळ्या कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावलेत, तो मागून घ्या, आणि त्याची मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहा, कारण रिचार्ज संपला की काही दिवसांनी येणारे फोनही बंद पडतात.

फिक्स्ड डायलिंग चालू करायला पिन-२, म्हणजे सिमचा दुसरा गुप्त क्रमांक, लागतो. तो अंदाजाने टाकू नका, तीनदा चुकला तर अडकतो. सिमच्या कंपनीच्या दुकानात विचारून घ्या. आणि यादीत आई, बाबा, शाळा भरून झाल्यावर शेवटचा नंबर १०९८ भरा. तो आपोआप येत नाही, तुम्ही नाही घातला तर तुमच्या मुलाच्या फोनवरून तो लागणारच नाही.